आधी ऊब, मग पाणी, मग पाला

निरोगी कासवाचा मागचा पाय दोन बोटांत धरून हलकेच ओढला, तर ते असा हिसडा देतं की बोटं सुटतात. पाय कवचात जातो, डोकं आत जातं आणि पुढच्या दोन्ही पायांची खवलेदार बाजू तोंडासमोर आडवी येते. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या एका घरातून वनविभागाने ताब्यात घेतलेल्या कासवाचा पाय डॉक्टरांनी असाच ओढून पाहिला. तो ओढला तसाच बाहेर राहिला. मान लोंबत होती, डोळे अर्धवट मिटलेले होते, खालच्या जबड्याशी वाळलेल्या लाळेचा पापुद्रा होता. हातात घेतलं तर रिकाम्या डब्यासारखं हलकं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. कासव जसे आपले अवयव सगळीकडून आत घेतं, तशी तो इंद्रियं विषयांपासून आवरून घेतो. आपण ती उपमा शांततेची म्हणून ऐकत आलो आहोत. कासवाच्या शरीरात मात्र ते ताकदीचं काम आहे. अंग आत घ्यायला स्नायू लागतात, स्नायू आवळायला रक्तात पुरेसं कॅल्शियम लागतं, आणि हातपाय आत गेले की फुप्फुसं दाबली जातात, म्हणून श्वासही धरून ठेवावा लागतो. आजारी कासवाला हे जमत नाही, म्हणून ते अंग आत घेतच नाही. घरातली माणसं कौतुकाने म्हणतात, किती माणसाळलंय, घाबरतसुद्धा नाही. ज्या लक्षणाने दवाखान्याकडे धावायला हवं, नेमकं तेच कौतुकाचा विषय होऊन बसतं.

त्या घरातही तसंच झालं होतं. घर खाऊनपिऊन सुखी, अंगणात तुळस, जास्वंद आणि कढीपत्ता. कासव ठेवलं होतं कूलरच्या स्टँडखाली, निळ्या प्लास्टिकच्या टबात. उन्हाळ्यात तीच घरातली गार जागा, तेव्हा त्या मुक्या जिवालाही गारवा मिळावा, हा त्यामागचा विचार. टबात चार बोटं पाणी, पाण्यात भाताची शितं आणि टोमॅटोची साल. घरातल्या काकू मनापासून सांगत होत्या, "काहीच खात नाही जी हे. पोळी कुस्करून देल्ली, दूध-भात देल्ला, टमाटर तं रोजच ठेवतो. पयले टमाटर खाये, आता तेही नाई." वनरक्षकाने सांगितलं, "काकू, हे घरात ठेवता येत नाही, कायद्यानं गुन्हा आहे." त्यावर त्यांचा चेहरा उतरला. "गुन्हा काऊन जी? आम्ही त्याले मारलं का? लेकरावानी सांभाळलं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांनी मारलं नव्हतं, उपाशीही ठेवलं नव्हतं. त्या घरात कासवाला रोज कुणीतरी काहीतरी देत होतं, आणि तरी ते मरायला टेकलं होतं. उपेक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रिकामं ताट येतं. कासवाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा भरल्या ताटाने होते.

हे कासव कुठलं, ते आधी सांगायला हवं, कारण मराठीत आपण समुद्रातल्या, विहिरीतल्या आणि रानातल्या तिघांनाही एकाच नावाने हाक मारतो आणि सारखंच वागवतो. वऱ्हाडात आपल्या ओळखीचं कासव म्हणजे विहिरीतलं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडण्याची रीत गावोगावी होती. ते चपट्या, मऊ चामडी पाठीचं, गोड्या पाण्यातलं कासव. बोटांना पडदे असतात. ते मासे, किडे, बेडूक, मेलेलं जनावर आणि पाणवनस्पती असं सगळं खातं. टबातलं कासव वेगळं होतं. त्याची पाठ घुमटाकार, काळी, आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्यावरून फुटलेल्या पिवळ्या रेघांची त्यावर नक्षी. पाय हत्तीच्या पायांसारखे गोल, नखं आखूड आणि बोटांना पडदे नाहीत. हे तारांकित कासव, म्हणजे स्टार टॉर्टाइज. पाय पाहिले की जमिनीवरचं कोणतं आणि पाण्यातलं कोणतं ते कुणालाही ओळखता येतं, आणि ही एवढी ओळख एखाद्याचा जीव वाचवते.

तारांकित कासव कोरड्या गवताळ, काटेरी रानाचं रहिवासी. वायव्येला गुजरात, राजस्थान आणि सीमेपलीकडे सिंध, दक्षिणेला आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू आणि पुढे श्रीलंका हे त्याचे मुख्य प्रदेश. उंच वाळल्या गवतात त्या पिवळ्या रेघा सावली आणि काड्यांमध्ये इतक्या मिसळून जातात की चार पावलांवरचं कासव दिसत नाही. त्या घुमटाकार पाठीला आणखी एक काम आहे. हंगेरीचे गाबोर दोमोकोश आणि पेटर वारकोनी या दोघांनी २००६ साली 'गोंबोत्स' नावाचा एक भरीव आकार तयार केला. सपाट जागेवर कसाही ठेवला तरी तो आपला आपण एकाच स्थितीत उभा राहतो. पुढे त्यांनी कासवांच्या कवचांची मापं घेतली, तेव्हा या आकाराच्या फार जवळ जाणारं कवच त्यांना सापडलं ते तारांकित कासवाचं. रानात उलटं पडलं तर थोड्या हालचालीनेच ते सुलटं होतं. प्लास्टिकच्या टबात हे गणित चालत नाही. गुळगुळीत भिंतीवर चढायला जाऊन ते पाठीवर पडतं, पायाला पकड मिळत नाही, आणि टबात पाणी असेल तर बुडतं.

अशी कासवं बडनेऱ्यासारख्या जंक्शनच्या गावात येतात कुठून? रानातून पकडलेली, हाताच्या तळव्यात मावणारी पिल्लं पोत्यात, पिशवीत, सुटकेसमध्ये भरून रेल्वेने, बसने, विमानाने हजारो किलोमीटर जातात. २०१५ साली नील डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आंध्र-कर्नाटकातल्या व्यापाराच्या एकाच टापूतून वर्षाला किमान ५५ हजार तारांकित कासवं उचलली जातात, असा त्याचा निष्कर्ष होता. मालाची मोठी वाट परदेशाकडे जाते. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरहून अशी ५१ कासवं परत बंगळूरला आणली गेली, ती याच व्यापारात सापडलेली. उरलेली देशातच खपतात. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, दुकानात ठेवलं की गिऱ्हाईक वाढतं, अशी समजूत आपल्याकडे आहेच. देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असतं, विष्णूचा दुसरा अवतार कूर्माचा, घराघरांत पितळी कासव पाण्याच्या वाटीत ठेवलेलं. या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण दगडाच्या आणि पितळेच्या कासवाला भूक नसते. जिवंत कासव त्या वाटीत ठेवलं की श्रद्धेचा भार त्याच्या हाडांवर येतो.

कायद्याची बाजू आता स्वच्छ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाला झालेल्या साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत तारांकित कासव पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे रानातून पकडलेल्या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. देशात वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तिने या कासवाला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण दिलं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. 'पाळलं होतं, मारलं नाही' हा त्यावर बचाव होत नाही.

पण पंचनाम्यावर सही झाली तरी कासव बरं होत नाही. खरं काम तिथून सुरू होतं, आणि त्याला एक क्रम आहे. तो चुकला की चांगल्या हेतूने दिलेला घासही जीव घेतो.

पहिली ऊब. कासवाच्या शरीरात स्वतःची उष्णता तयार करणारी भट्टी नाही. बाहेर जेवढी ऊब, त्यावर त्याचं सगळं चालतं: हृदय, पचन, जखम भरणं, जंतूंशी लढणं. तारांकित कासवाला दिवसा साधारण २६ ते ३२ अंशांचा पट्टा मानवतो, आणि शेकायला त्याहून थोडी गरम जागा लागते. कूलरच्या ओल्या, गार झोतात महिनोनमहिने बसलेल्या कासवाचं पोट नावापुरतं चालत असतं. अशा पोटात ढकललेलं अन्न पचत नाही, कुजतं. शिवाय छातीत सर्दी धरते. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे त्याला खोकता येत नाही आणि फुप्फुसात साठलेला चिकटा बाहेर टाकता येत नाही. नाकातून बुडबुडे, मान लांब ताणून तोंड उघडून घेतलेला श्वास, ही न्यूमोनियाची खूण. नाक चोंदलं की वास कळत नाही, आणि वास कळला नाही की कासव खात नाही. काकूंच्या टोमॅटोला नकार मिळाला, त्यामागचं एक कारण हे होतं.

वऱ्हाडात ऊब देताना उलटा धोकाही ध्यानात ठेवावा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीवर, टिनाखाली किंवा टबात उन्हात ठेवलेलं कासव थोड्याच वेळात भाजून निघतं. त्याला घाम येत नाही. ते तोंडातून लाळ गाळून मान आणि पुढचे पाय ओले करतं आणि मग निपचित पडतं. म्हणून ऊब द्यायची ती अशा जागेत, जिथे अर्ध्या भागात सावली असेल आणि कासवाला आपल्या पायांनी तिकडे जाता येईल.

दुसरं पाणी. उथळ भांड्यात बाळाच्या अंघोळीइतकं कोमट पाणी, कासवाच्या हनुवटीपर्यंत येईल एवढंच. त्यात पंधरा-वीस मिनिटं, सुरुवातीला रोज. हा सगळ्या उपचारातला सर्वांत साधा आणि मला सर्वांत जास्त पाहत राहावासा वाटलेला भाग. पहिली काही मिनिटं कासव नुसतं पडून होतं. मग नाक पाण्यात बुडालं, गळ्याखालची सैल कातडी आत-बाहेर होऊ लागली. ते पाणी पीत होतं. कूलरखालच्या टबात ते पाण्यातच बसलेलं होतं, पण तिथे घाणीचं आणि आंबलेल्या शितांचं पाणी. ते त्याने प्यायलं असेल असं वाटत नाही. थोड्या वेळाने शेपटीमागून पांढरा, दाट, रेतीसारखा कचकचणारा गाळ बाहेर आला. कासव पाणी वाचवण्यासाठी मूत्रातला कचरा युरेटच्या रूपात टाकतं. शरीर कोरडं पडलं की हे युरेट मूत्राशयात साठतं, घट्ट होतं, आणि त्याचा खडा बनतो. बाहेर आलेला गाळ पाहून डॉक्टरांनी मान हलवली. खडा अजून बनला नसावा, ही त्यातली चांगली बातमी. एक्स-रेने पुढे तीच खात्री दिली. एक्स-रेत आणखी एक गोष्ट पाहतात, ती म्हणजे अंडी. मादी एकटी राहत असली तरी तिच्या पोटात अंडी धरतात. उकरायला माती मिळाली नाही की ती अडून राहतात, आणि अन्न सुटण्याचं तेही एक कारण असतं.

इतकं झालं तरी लगेच भरपूर खायला घालायचं नाही, आणि हेच घरच्या माणसाला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवल्यावर दगावले, ही वैद्यकातली जुनी नोंद आहे. दीर्घ उपासानंतर अचानक अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. कासवालाही हा नियम लागू आहे. आधी शरीरात पाणी, मग पातळ आणि थोडं, मग हळूहळू वाढवत. काही कासवं तरीही तोंड उघडत नाहीत. तेव्हा पशुवैद्यक मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून काही दिवस अन्न देतात. तोंड जबरदस्तीने उघडून घास कोंबण्यापेक्षा हे कितीतरी सौम्य, कारण कोंबलेला घास श्वासनलिकेत जातो आणि ओढाताणीत मऊ पडलेला जबडा मोडतो.

जबडा मऊ का पडतो, हे समजलं की तिसरी गोष्ट समजते, ती म्हणजे ऊन. कासवाचं कवच हे जिवंत हाड आहे. पाठीचा कणा आणि फासळ्या त्याच्याशी एकजीव झालेल्या असतात, वरून केराटिनचा थर असतो, आणि त्याला बोटाचा स्पर्शही कळतो. एवढं हाड बांधायला कॅल्शियम लागतं. खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार व्हायला उन्हातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण लागतात. काच हे किरण अडवते. खिडकीतून आत आलेल्या उन्हात बसलेल्या कासवाला ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही. ते मिळालं नाही की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःचीच हाडं उकरायला लागतं. कवच दाबलं तर दबतं, पाय थरथरतात, जबडा रबरासारखा होतो. वऱ्हाडात ऊन विकत आणावं लागत नाही. सकाळचं कोवळं ऊन, बाजूला सावली, आणि राखायला एक माणूस, कारण कुत्री आणि कावळे टपलेले असतात. पावसाळ्यात आभाळ आठवडा आठवडा भरलेलं असतं, तेव्हा अतिनील किरणांचा खास दिवा लावावा लागतो.

आता पाला, म्हणजे मूळ प्रश्न. रानातलं तारांकित कासव गवत, रानपाला, फुलं, मांसल पानं, झाडाखाली पडलेली फळं आणि क्वचित वाळलेलं हाड किंवा मेलेला किडा असं खातं. आतड्याच्या शेवटच्या भागातले सूक्ष्मजीव हा तंतुमय चारा आंबवतात, आणि त्याला कित्येक दिवस लागतात. म्हणजे पचनाच्या बाबतीत हे कासव गुराच्या जवळचं आहे, माणसाच्या नव्हे. त्याला भरपूर काडी, भरपूर कॅल्शियम आणि कमी प्रथिनं हवीत. अन्नात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम असावं, असा ढोबळ हिशेब सांगतात. भात, पोळी, बिस्किट, दूध, डाळ, कुत्र्या-मांजराचं खाद्य यांत नेमकं उलटं आहे. टोमॅटो आणि काकडी म्हणजे रंगीत पाणी. गोड फळांनी आतड्यातले सूक्ष्मजीव बिघडतात आणि जुलाब लागतात. पालकाकडे लोक मोठ्या विश्वासाने पाहतात, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. आपली आवडती आंबट अंबाडीही रोज देऊ नये.

मग द्यायचं काय? बाजारात जायची गरजच नाही. हराळी, आपण गणपतीला वाहतो तीच दूर्वा. पावसाळ्यात कुठेही उगवणारा केना. पाथरी. शेवग्याचा पाला, जो कॅल्शियमसाठी आपणही खावा. जास्वंदीची पानं आणि फुलं. तुतीची पानं. काटे जाळून काढलेल्या फड्या निवडुंगाचे तुकडे. भोपळ्याचं पिवळं फूल. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेन, म्हणजे माकूळ माशाच्या पाठीचं हाड, एका कोपऱ्यात ठेवून द्यायचा. कासवाला वाटेल तेव्हा ते कुरतडतं. पानाचा चुना मात्र कधीच नाही, तो तोंड जाळतो. कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी आणि गाजरगवत यांचं एक पानही जाऊ द्यायचं नाही.

एक सावधगिरी खास आपल्या मुलखासाठी. चारा आणायला कुणी सहज शेताच्या धुऱ्यावर जाईल, तर जाऊ नये. कपाशी आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात धुऱ्यावर तणनाशक आणि पिकावर कीटकनाशक मारलेलं असतं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. जे औषध धडधाकट माणसाला मारतं, त्याचा थेंब पाल्यावर असला तर किलोभर वजनाच्या कासवाचं काय होईल? पाला आपल्या अंगणातला, किंवा फवारणी होत नाही अशी खात्री असलेल्या मोकळ्या प्लॉटवरचा, आणि तोही धुऊन.

असा पाला समोर ठेवला की टोमॅटोवर वाढलेलं कासव तो खाईल, अशी आशा धरू नये. ते त्याला अन्न म्हणून ओळखतच नाही. इथे धीर लागतो, आणि थोडी युक्ती. कासवांना लाल-पिवळा रंग ओढतो. दूर्वा आणि शेवगा अगदी बारीक चिरायचा, त्यात जास्वंदीची एखादी लाल पाकळी चुरायची, हवा तर सुरुवातीला टोमॅटोचा थोडा रस चोळायचा. पुढे पाकळी कमी, रस बंद, चिरणं जाडसर. नकार मिळाला की घाबरून पुन्हा टोमॅटो ठेवला, तर सगळं पहिल्या पायरीवर येतं.

बडनेऱ्याच्या त्या कासवाची आणखी एक अडचण होती. त्याची वरची चोच वाढून खालच्या जबड्यावर आकड्यासारखी वळली होती. कासवाला दात नसतात, केराटिनची चोच असते. कडक गवत तोडताना ती आपोआप झिजते, आणि शितं गिळताना झिजत नाही. आठवड्यानंतर त्याची नजर लाल पाकळीवर ठरू लागली. मान पुढे यायची, तोंड उघडायचं, गुलाबी जीभ पाकळीला टेकायची, आणि चोच आडवी आल्यामुळे पाकळी बाजूला सरकायची. त्याला भूक होती आणि घास पकडता येत नव्हता. पशुवैद्यकाने फिरत्या बारीक सानेने ती चोच थोडी थोडी घासली, आतल्या जिवंत भागाला धक्का न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोमट पाणी आणि उन्हानंतर, त्याने जास्वंदीचं पान तोडलं. पुढच्या पायाने पानाचा देठ जमिनीवर दाबून धरला, मान मागे झटकली, आणि करकन तुकडा पडला. उभे असलेले सगळे एकदम बोलू लागले.

त्यानंतर त्याचं जेवण टाकी लावलेल्या जुन्या पाट्यावर वाढलं जाऊ लागलं. चोच खरबरीत दगडावर घासत राहते, आणि पुन्हा कापावी लागण्याची वेळ लांबते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन आणि त्याची वहीत नोंद, ही दुसरी सवय. पहिली वाढ पाण्याची असते, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. त्यानंतर हळूहळू चढत जाणारं वजन खरं. कासवाचं वजन एकदम वाढलं तर तेही चांगलं नव्हे.

हा सगळा प्रकार एखाद्या छोट्या कासवाचे लाड वाटत असेल, तर सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथनची गोष्ट सांगतो. सेशेल्सहून १८८२ साली या बेटावर आणलेलं हे महाकाय कासव. त्याचा जन्म १८३२ च्या आसपासचा मानतात. गव्हर्नरच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर ते मोकळं फिरायचं, चरायला गवत भरपूर. तरी म्हातारपणी ते खंगत चाललं. मोतीबिंदूने दृष्टी गेली होती, वास येईनासा झाला होता, चोच बोथट होऊन तिचे तुकडे पडत होते, आणि गवताऐवजी ते माती आणि पालापाचोळा चावत होतं. जो हॉलिन्स या पशुवैद्यकाने आठवड्यातून एकदा स्वतःच्या हाताने त्याला फळं आणि भाज्या भरवायला सुरुवात केली. काही काळाने चोच पुन्हा धारदार झाली आणि ते पुन्हा गवत तोडू लागलं. जोनाथन गवताच्या मधोमध उभं होतं आणि तरी उपाशी होतं. ते का खात नाही, हे कुणीतरी जवळ बसून पाहिलं, म्हणून त्याची चोच परत आली.

आपल्या संतवाङ्मयात कासवी पिल्लांना नुसत्या दृष्टीने पोसते, असा दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो. प्रत्यक्षात मादी मातीत खड्डा करून थोडीशी अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःचं अन्न स्वतः शोधतं. पण आजारी कासव बरं करणाऱ्या माणसांना पाहिलं की मला तो दृष्टान्त पटतो. हात लावण्याआधी ती खूप वेळ नुसती पाहत बसतात.

काही गोष्टी ठणकावून सांगाव्या लागतात. गुरांना आणि कुत्र्यांना दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध कासवासाठी विष आहे; ओळखीच्या मेडिकलवाल्याने दिलं तरी देऊ नका. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन गरज नसताना दिलं तर कातडी सोलून निघते. कवचाला तेल, वॉर्निश, रंग लावू नका, आणि दोरी बांधायला त्यात भोक पाडू नका. फुटलेल्या कवचात एम-सील भरू नका, आत जंतू कोंडले जातात. हात लावल्यावर साबणाने हात धुवा, कारण कासवाच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे.

बडनेऱ्याचं ते कासव खातं आहे, चालतं आहे, पाय ओढला तर हिसडा देतं आहे. पण त्याच्या पाठीवरचा प्रत्येक तुकडा मनोऱ्यासारखा वर आला आहे, आणि तो तसाच राहणार. वाढत्या वयात चुकीचं अन्न आणि कोरडी हवा मिळाली की कवच असं वर येतं. ऑस्ट्रियातल्या वीझ्नर आणि इबेन यांनी २००३ साली आफ्रिकी कासवांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं, की यात प्रथिनांपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा वाटा मोठा. इथून पुढे वाढणारं कवच सपाट येईल, जुनं सपाट होणार नाही. मग त्याला रानात सोडायचं का? कोणत्या रानात? ते गुजरातच्या बाजूचं की आंध्रच्या, हे ठाऊक नसताना कुठेही सोडलं, तर तिथल्या कासवांत परकं रक्त आणि पिंजऱ्यातले रोग मिसळतात. पुण्याची रेस्क्यू ही संस्था वनविभागाबरोबर अशा कासवांवर काम करते. पुण्याहून काही कासवं चंद्रपूर जिल्ह्यात नेऊन आधी कुंपणातल्या रानात ठेवण्याचा प्रयत्नही झाला आहे. ते काम तपासण्या आणि वर्षानुवर्षांच्या देखरेखीचं आहे. विदर्भात नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे आणि अकोल्यात पशुवैद्यकीय शिक्षणाची पदव्युत्तर संस्था आहे. अशा ठिकाणी सरपटणाऱ्या प्राण्यांचं शिक्षण घेतलेले हात वाढले, तर बडनेऱ्याचं कासव अर्धमेलं होईपर्यंत थांबावं लागणार नाही. ही मागणी आपण करायला हवी, आणि ती अवाजवी नाही.

तुमच्या घरात, शेजारी, दुकानात असं कासव असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्यप्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडे कळवायचं, असं कायदा सांगतो. वनविभागाचा माणूस येईपर्यंत हवा जाईल अशा खोक्यात, खाली वर्तमानपत्र घालून, सावलीत आणि कूलरपासून दूर ठेवा. खायला काही देऊ नका. आणि दया म्हणून त्याला घरच्या विहिरीत, वडाळी तलावात किंवा छत्री तलावात सोडू नका. तारांकित कासवाला पोहता येत नाही. ते बुडून मरतं.